हेंड्रिकची दोरी

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे मका मोजतात. कापणीला अजून पाच-सहा आठवडे असतात, पानं हिरवीच असतात, पण दाण्याच्या डोक्यावर खळी पडायला लागली की गेरिटला घरात चैन पडत नाही. मग दोरी घ्यायची, शेतात शिरायचं, दोरीभर ओळीतली कणसं मोजायची, त्यातल्या एखाद्या कणसाचे दाणे मोजायचे, गुणायचं, भागायचं, आणि एकरी किती बुशेल, म्हणजे किती मापं, उतरणार तो आकडा जुन्या कोठीच्या फळीवर लिहायचा. ऑक्टोबरात खरा आकडा आला की तो शेजारी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हा पोरखेळ वाटला होता. पीक येणारच आहे, आल्यावर मोजा की. हे मी एकदा जेवताना बोलून गेले, तर माझे सासरे हेंड्रिक तीन दिवस माझ्याकडे मीठसुद्धा मागेनात.

गेरिट त्यांचाच मुलगा. मी त्याची बायको, नेल्वा. बेचाळीस वर्षं संसार केलाय, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क फक्त मला आहे.

यंदा मार्चमध्ये गेरिटला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि शब्द तोंडाशी येऊन अडायला लागले. पेरणी महिन्यावर आलेली. आमची धाकटी, मार्लिस, गावातल्या ट्रॅक्टरच्या दुकानात सुटे भाग विकायची. तेहतीस वर्षांची बाई, चांगली नोकरी, ती सोडून सरळ दवाखान्यात बापाच्या खाटेशी येऊन उभी राहिली. "बाबा, यंदा मी पेरते," म्हणाली.

गेरिटने छताकडे बघितलं. मग एकेक शब्द उपसून काढावा तसा बोलला. "एक हंगाम. मोजणीत... दीडशे भरले... तर शेत तुझं. नाही तर... हॅवरकँप."

हॅवरकँप बंधू आमचे शेजारी. भली माणसं आहेत, आमचं शेत खंडाने घ्यायला तयार होती. पण आमच्या आयोवा राज्यात शेताचं जे काही ठरवायचं ते एक सप्टेंबरच्या आत ठरवतात, म्हणून त्यांना तोवर होय-नाही हवं होतं. मला गेरिटचा असा राग आला की काय सांगू. एकरी दीडशे बुशेल. खुद्द गेरिटच्या नावावर फळीवर दीडशेच्या वरचे आकडे चारच आहेत. पोरीच्या पहिल्याच वर्षी ही अट? पण मार्लिस "बरं" म्हणाली. बापाची हनुवटी तिने तशीच्या तशी उचलली आहे, आणि हनुवटीबरोबर जे काय येतं तेही.

तो उन्हाळा तिने कसा काढला ते मी बघितलं आहे. पहाटे पाचला ट्रॅक्टरवर, संध्याकाळी बापाला जिन्यावर चढ-उतार करवायची, मग ओट्याशी उभ्या उभ्या जेवायची. गेरिट तिकडे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून डाव्या हाताने आपलं नाव गिरवायचा. पानंच्या पानं. आधी कोंबडीने पाय उमटवावेत तसं दिसायचं, जुलैअखेर वाचता यायला लागलं.

त्याला चूक दाखवलेली मात्र अजिबात खपायची नाही. मोजणीच्या आठवडाभर आधी आमचा थोरला, डेल, शहरातून आला होता. गेरिटने कुत्र्याला "टिपी" म्हणून हाक मारली. टिपी जाऊन अकरा वर्षं झाली, ही रस्टी आहे. डेल हसला. "बाबा, टिपीला तुम्हीच पुरलंत की," म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण गेरिटने काटा खाली ठेवला आणि मग दोन दिवस एक शब्द बोलला नाही. मार्लिसने डेलला बाहेर अंगणात नेऊन काय सुनावलं ते मला माहीत नाही. डेल लवकर निघून गेला.

तर शनिवारची सकाळ. मी हॅमचे बन बांधत होते, कॉफीचा थर्मास भरत होते. मार्लिस दोरी आणायला मागच्या पडवीकडे निघाली, तेवढ्यात गेरिट म्हणाला, "मी."

"मी आणते ना, बाबा."

"मी," तो पुन्हा म्हणाला, आणि काठी घेऊन उठला.

पडवी म्हणजे अकरा पावलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मुकाट उभ्या राहिलो आणि काठीचा आवाज ऐकत राहिलो. जाताना अकरा, मग बराच वेळ काहीच नाही, मग येताना अकरा. दोरीचं वेटोळं त्याने छातीशी धरलं होतं. कपाळावर घाम होता आणि चेहरा असा, जणू वीस एकर नांगरून आलाय. ते वेटोळं त्याने मार्लिसच्या हातात ठेवलं. तिने दोरीकडे बघितलंच नाही, ती त्याच्याकडेच बघत होती. मीही.

शेताच्या बांधावर मार्लिसने पिकअप गाडी उभी केली. गेरिटच्या बाजूचं दार उघडं ठेवलं, त्याच्या मांडीवर पाटी आणि कागद दिला. त्याने खिशातून पेपरमिंटची पांढरी गोळी काढून तिला दिली. ही त्याची जुनी सवय. मार्लिस चार वर्षांची असताना प्रवचन लांबलं की चर्चच्या बाकावर तो तिला अशीच गोळी सरकवायचा. मला नाही दिली.

"पाच ठिकाणी," तो म्हणाला. "कडेला नको. आत."

"माहितेय, बाबा."

"आणि... खोटं नको."

"बाबा."

मक्यात शिरलं की जग संपतं. डोक्याच्या वर दोन हात धाटं, हातावर पानांचे ओरखडे, खाली मातीचा दमट वास. मी बादली आणि वही घेऊन मागे, मार्लिस पुढे. शंभर पावलं आत गेल्यावर तिने जमिनीवर दोरी पसरली आणि आम्ही कणसं मोजायला लागलो. ती पुढून, मी मागून.

"वीस," मी म्हणाले.

"वीस," ती म्हणाली, आणि थांबली.

आता हा हिशोब आमच्याकडची शाळकरी पोरंसुद्धा तोंडपाठ म्हणतात. आमच्या ओळी तीस इंचांवर. अशा ओळीतलं सतरा फूट पाच इंचांचं अंतर म्हणजे एकराचा हजारावा भाग, आणि दोरी तेवढीच असते. तिच्यात जेवढी कणसं, त्यांना कणसावरच्या दाण्यांच्या ओळींनी गुणायचं, मग एका ओळीतल्या दाण्यांनी, आणि नव्वदने भागायचं. मार्लिसने एक कणीस सोललं. दाण्यांच्या सोळा ओळी, ओळीत छत्तीस दाणे. टोकाचे बारके सोडून. सुरेख कणीस होतं. पण वीस कणसं धरून आकडा आला एकशे अठ्ठावीस.

"एकशे अठ्ठावीस कसे?" मी म्हणाले. "ओळीत एक खिंडार नाही. प्रत्येक धाटाला कणीस आहे."

मार्लिस खाली बसून दोरीकडे बघत होती. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मी एकरी सत्तावीस हजार बी टाकलंय. हजाराव्या भागात सत्तावीस पडायला हवं. दोन-तीन उगवलं नसेल. पण वीस?"

तेव्हा मी दोरी नीट बघितली. आमची दोरी निळी, नायलॉनची. ही काथ्याची होती, काळपट, दोन्ही टोकांना लाल फडकं बांधलेली. ही हेंड्रिकची दोरी. त्यांच्या वेळी शेतात घोडे चालायचे, म्हणून ओळी अडतीस इंचांवर असायच्या, घोडा मध्ये मावेल इतक्या. ओळी रुंद, म्हणून दोरी आखूड. तेरा फूट नऊ इंच. तीस वर्षं ती त्याच खिळ्यावर निळ्या दोरीच्या मागे लटकत होती, कोणाच्या हातून टाकवली नव्हती म्हणून.

"अगं, ही तर तुझ्या आजोबांची," मी म्हणाले. "थांब, मी त्याला सांगते."

मार्लिसने माझं मनगट धरलं. "एक शब्द बोलायचा नाहीस."

"म्हणजे?"

"अकरा पावलं चालून आणलीय त्यांनी. टिपीच्या वेळचं तोंड आठवतंय ना तुला? मी नाही सांगणार. तूही नाही."

"मग हात लांब कर आणि पाच-सहा कणसं जास्त धर. इथे कोण बघतंय."

"खोटं नको म्हणालेत."

"आणि हे खरं आहे का? चुकीच्या दोरीने मोजलेलं?"

"दोरीने जे सांगितलं ते मी सांगणार. यात खोटं असेल तर ते फक्त माझ्या अंगावर येतं." तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. "हॅवरकँप चांगले शेतकरी आहेत, आई. दुकानवाले मला परत घेतील."

मी तिला मूर्ख म्हणाले. बापासारखी हट्टी खेचर म्हणाले. ती ऐकत राहिली, मग दोरी गुंडाळून पुढच्या जागेकडे चालायला लागली. मी मागून बादली घेऊन, आणि खरं सांगते, मी रडत होते. मक्यात रडण्याचा एक फायदा असतो, डोळ्यांत धूळ गेल्याचा बहाणा सांगता येतो. पाच ठिकाणी पसरली तिने ती दोरी. वीस, वीस, एकोणीस, वीस, एकवीस. प्रत्येक ठिकाणचं एक कणीस बादलीत टाकलं. सरासरी निघाली एकशे सत्तावीस.

आम्ही बाहेर आलो तेव्हा गेरिट दाराबाहेर पाय सोडून बसला होता. मार्लिसने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला. पुन्हा वाचला.

"एकशे... सत्तावीस," तो म्हणाला.

"हो, बाबा."

तिचा आवाज अगदी सरळ होता. मी थर्मासचं झाकण उघडत होते, लावत होते. गेरिटच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याचं तोंड उतरलं होतं. मला तेव्हा कळलं की हा गडी सहा महिने देवाकडे तेच मागत होता जे मी मागत होते, आणि ती अट त्याने घातली होती ती पोरगी पूर्ण करेलच याची खात्री होती म्हणून. हे आधी सांगायला त्याचं काय गेलं असतं कोण जाणे.

"कणसं," तो म्हणाला.

मी बादली त्याच्या पायाशी ठेवली. त्याने एक कणीस गुडघ्यांत धरलं आणि डाव्या अंगठ्याने एकेक दाणा मोजत गेला. ओठ हलत होते. आम्ही थांबलो. सोळा. छत्तीस. मग दुसरं. पुन्हा सोळा, सदतीस. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बी किती?" त्याने विचारलं.

"सत्तावीस हजार."

"खिंडारं?"

मार्लिसने खांद्यावरचं दोरीचं वेटोळं मागे सारलं. "नाहीत."

तो शेताकडे बघत राहिला. मग कागदाकडे. मग मार्लिसच्या खांद्यावरच्या दोरीकडे. किती वेळ बघत होता सांगता येत नाही, रस्टी तेवढ्यात गाडीखाली जाऊन झोपली.

"दोरी... बांध," तो म्हणाला, आणि काठीने गाडीचा पुढचा बंपर दाखवला.

आमची ही जुनी गाडी पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत बरोबर सतरा फूट पाच इंच आहे. गेरिटने ती घेतली त्याच दिवशी मोजली होती, आणि त्यानंतर प्रत्येक नवी दोरी तो गाडीलाच लावून कापायचा. मार्लिसने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. तिने दोरीचं टोक बंपरला बांधलं, आणि गेरिट उतरला. दोरी आणि काठी दोन्ही डाव्याच हातात धरायची म्हटल्यावर त्याला एकेक पाऊल जड जात होतं. मार्लिस पुढे झाली तेव्हा त्याने मानेनेच तिला थांबवलं. दाराजवळून, खिडकीजवळून, तो एका हाताने दोरी ताणत मागे गेला. मागच्या चाकाशी दोरी संपली. बंपर अजून चांगली दोन पावलं लांब होता.

तो तिथेच उभा राहिला. लाल फडकं त्याच्या मुठीत होतं.

"कधी कळलं?" त्याने न वळता विचारलं.

"पहिल्याच जागी," मार्लिस म्हणाली.

"आणि तुला?"

"मलाही तेव्हाच," मी म्हणाले.

"दोघींना." त्याने मान हलवली. मी मनातल्या मनात दोन दिवसांचा अबोला मोजायला लागले होते. दोन कशाला, यावेळी महिना. पण तो गाडीच्या मागच्या फळीला टेकला, आणि दोरीचं टोक त्याने डाव्या हाताने आपल्या उजव्या हाताच्या बोटांवरून फिरवलं. मेलेल्या बोटांवरून. सावकाश, दोन-तीनदा.

"निळी... गुळगुळीत," तो म्हणाला. "या हाताला... लागतच नाही. ही लागते." पुढचा शब्द शोधायला त्याला फार वेळ लागला. "टोचते. म्हणून... घेतली. लांबी... विसरलो."

मार्लिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सहा महिन्यांत त्या हाताला काही जाणवलेलं आम्हाला त्याने सांगितलं नव्हतं. पडवीत त्याला इतका वेळ का लागला होता ते आता कळलं. खिळ्याशी उभा राहून तो दोरीला हात घासत असणार, आपला हात परत आला म्हणून.

"मला सांगायला हवं होतं," मी म्हणाले. कोणी कोणाला ते माझं मलाच कळलं नाही.

गेरिटने मार्लिसला जवळ बोलावलं. ती गेली, त्याच्यासमोर उभी राहिली, शाळेतून चिठ्ठी घेऊन आल्यासारखी.

"मी चुकलो... तर सांगायचं," तो म्हणाला. "शेत हवं असेल तर... सांगायचंच. मी... बिघडलो तरी चालेल. पीक बिघडून... नाही चालत. सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने नाक पुसलं. "बाबा, तुम्ही चुकीची दोरी दिलीत."

"हं," तो म्हणाला. "आणि?"

"आणि दुखावले गेलात तरी कुत्रीचं नाव रस्टी आहे."

गेरिट हसला. मार्चनंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसलं, पण ते अर्धं पुरेसं होतं. मीही हसले आणि मग मला हुंदका आला. दोघांनीही मला पेपरमिंट देऊ केली, म्हणजे आता कुठे मला मिळाली.

गवताचे गठ्ठे बांधायची सुतळी गाडीत कायम पडलेली असते. मार्लिसने ती हेंड्रिकच्या दोरीला जोडली, मागच्या बंपरपाशी आणली आणि बरोबर तिथे गाठ मारून वरची कापली. गेरिटने गाठ ओढून बघितली. मग म्हणाला, तोही येणार.

शंभर पावलं आत जाणं त्याला शक्य नव्हतं, तरी कडेपासून बारा ओळी तो आमच्या दोघींच्या मध्ये चालला. पानं तोंडावर येत होती ती मी बाजूला करत होते. पहिल्या जागी तो दोरीचं जुनं टोक उजव्या मुठीत घेऊन बसला. मार्लिसने ती मूठ आपल्या हाताने मिटली आणि दुसरं टोक घेऊन निघाली. दोरी ताणली तेव्हा मूठ सुटली नाही. सुटली नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

"पंचवीस," मार्लिस तिकडून ओरडली.

उरलेल्या चार जागा आम्ही दोघींनी केल्या. सव्वीस, पंचवीस, चोवीस, सव्वीस. वहीत गुणाकार मी केला, दोनदा. सरासरी एकशे एकसष्ट.

गेरिटने कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "हॅवरकँपला... सोमवारी फोन कर," तो मला म्हणाला. "सांग, नाही जमणार." मार्लिस गाडी चालू करत होती. किल्ली दोनदा चुकीच्या बाजूला फिरवली तिने.

घरी आल्यावर आम्ही कोठीत गेलो. आता तिच्यात कोणी कणसं साठवत नाही, रिकामीच असते, फळ्यांच्या फटींतून ऊन आत येतं. दाराच्या आतल्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने आकडे आहेत, एकोणीसशे एकतीसपासून. वर्ष, अंदाज, खरा आकडा, आणि शेवटी ज्याचं शेत त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. वर सगळे एच, हेंड्रिकचे. मग जी, गेरिटचे, उभ्या रेघेसारखे एकाखाली एक.

मार्लिसने पेन्सिल हातात घेतली, तर गेरिटने ती काढून घेतली. काठी माझ्याकडे दिली. डावा हात वर करून त्याने वर्ष लिहिलं, एकशे एकसष्ट लिहिलं. सहा जरा आडवा पडला. खऱ्या आकड्याची जागा सोडली. मग अक्षरापाशी आला, आणि मला वाटलं सवयीने जी काढेल. त्याने एक उभी रेघ काढली, मग खाली येणारी तिरकी, वर जाणारी तिरकी, आणि पुन्हा उभी. एम.

मार्लिसने हात लांब करून ते अक्षर बोटाने चाचपलं, जणू ते अजून ओलं असावं.

गेरिटने घसा खाकरला. "जी ला... वळणं फार," तो म्हणाला. "डाव्या हाताला... जमत नाही."

त्याच सकाळी माझ्या ओट्यावरच्या चर्चच्या दानाच्या पाकिटावर त्याने आपलं पूर्ण नाव सही म्हणून लिहिलं होतं. त्यातला जी गोल आणि सुंदर आला होता, मी मुद्दाम मार्लिसला दाखवलाही होता. ती माझ्याकडे बघत होती. मी त्याला काठी दिली आणि म्हणाले, "हो ना, फारच अवघड अक्षर."